हिवाळ्यात मोजलेला मुलूख

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या धानउत्पादक व जंगलव्याप्त प्रदेशाला झाडीपट्टी म्हणतात, आणि या प्रदेशात राहण्यात लाभ किती व हानी किती याचा विचार गेली दीडशे वर्षे जमाबंदीच्या अहवालांतून, गॅझेटियरांतून आणि विधिमंडळाच्या चर्चांतून होत आलेला आहे. हा विचार करणारी माणसे बहुतेक बाहेरून आलेली होती, ही गोष्ट अनेकांनी नोंदवली आहे. मात्र ती बहुतेक हिवाळ्यात आलेली होती, या गोष्टीकडे तितके लक्ष गेलेले नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ असा असतो की त्यात घरात धान असते, वाटा कोरड्या असतात, तलाव भरलेले असतात आणि ताप ओसरलेला असतो. त्या काळात केलेल्या मूल्यमापनात प्रदेशाचे गुण ठळक होतात आणि दोष झाकले जातात. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द, ज्याला आसपासची माणसे नुसते गोसे म्हणतात, आणि त्याच्या भोवतालची गावे यांचा इतिहास या दृष्टीने पाहिला, तर थंड ऋतूतल्या ग्रामीण जीवनाचा जमाखर्च कोणी मांडला आणि तो कोणाच्या खात्यावर पडला हे बऱ्याच स्पष्टपणे दिसू लागते.

येथे थंडी हा शब्द सापेक्ष अर्थानेच घ्यावा लागतो. जानेवारीतले सरासरी किमान तापमान बारा-तेरा अंश सेल्सियसच्या आसपास राहते, उत्तरेकडून कोरडे वारे आले की ते सहज सात-आठ अंशांपर्यंत उतरते, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूर येथे ३.५ अंश इतके नीचांकी तापमान नोंदले गेले होते. हिमाचलातल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतील. परंतु ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि पावसाळ्यात सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे हे थंड चार महिने वर्षाच्या उरलेल्या भागापासून पूर्णपणे वेगळे पडतात. युरोपच्या उत्तरेकडील देशांत हिवाळा माणसाला घरात कोंडतो आणि शेत बंद करतो. झाडीपट्टीत कोंडण्याचे काम पावसाळा करतो, नाले आणि चिखल गावे एकमेकांपासून तोडतात, आणि हिवाळा आला की ती पुन्हा एकमेकांना भेटतात. म्हणून येथील बाजार, जत्रा, सोयरिकी, वसुली आणि सरकारी दौरे हे सारे या एकाच ऋतूत दाटीने येत राहिले.

हा प्रदेश आडवळणाचा असल्याची समजूत तशी अलीकडची आहे. पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून केलेल्या उत्खननात जगन्नाथ टेकडी येथे सांचीच्या मुख्य स्तूपाच्या तोडीच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले, त्याच्या कठड्यांवर दाने देणाऱ्या उपासक-उपासिकांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली, आणि महाक्षत्रप रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभही याच गावी सापडला. तेराव्या शतकातील महानुभाव वाङ्मयात झाडीचा व तेथील भ्रमणाचा उल्लेख वारंवार येतो, आणि चक्रधरस्वामींचे अनुयायी नीळभट हे भंडाऱ्याचेच होते. वैनगंगा, कन्हान आणि इतर प्रवाह जेथे एकत्र येतात त्या आंभोऱ्याचा संबंध परंपरेने मुकुंदराजांशी जोडला जातो. एवढे सांगण्याचे प्रयोजन इतकेच की, येथील लोक दूर जंगलात राहिले ते अन्यत्र जाण्याचा मार्ग ठाऊक नव्हता म्हणून नव्हे.

त्यांना येथे धरून ठेवणारी गोष्ट पाण्याची व्यवस्था ही होती. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी जंगल तोडून गाव वसवणाऱ्यास आणि तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याचे धोरण ठेवले होते. जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन मिळावी, असे या धोरणाचे स्वरूप परंपरा सांगते. या कामात कोहळी समाज अग्रेसर राहिला. आपण काशीकडून आलो अशी आठवण सांगणारे आणि एके काळी उसाच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेले हे लोक जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून दोन टेकड्यांच्या मध्ये मातीची पाळ घालीत, आणि त्या पाळीतून पाणी सोडण्यासाठी तुडुम, म्हणजे वरून उघडता-मिटता येणारी मोरी, ठेवीत. कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जाणारा नवेगावबांध हा या परंपरेतला सर्वांत ख्यातनाम तलाव होय. ब्रिटिश काळात जमीनमहसूल गोळा करणाऱ्यांना मालगुजार म्हणून मालकीहक्क मिळाले, त्यामुळे गावोगावचे तलावही त्यांच्या नावे लागले, आणि आजही सरकारी कागदांत ‘माजी मालगुजारी तलाव’ अशीच त्यांची नोंद होते. पूर्व विदर्भात अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे.

तलावांची ही व्यवस्था समतेची होती असे मात्र मानता येत नाही. पाळीच्या लगतची, पहिल्यांदा भिजणारी बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, बहुधा मालगुजाराची किंवा त्याच्या भाऊबंदांची असे, दुरुस्तीच्या मातीकामाला राबणारी माणसे वेगळ्या जातींची असत, आणि तलावात मासे धरणाऱ्या व शिंगाडे लावणाऱ्या ढिवरांना त्याबद्दल काही ना काही द्यावे लागे. तरीही या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी पुढच्या काळात नाहीशी झाली. ज्याची जमीन तलावाच्या पाण्याखाली बुडत होती आणि ज्याची जमीन त्याच तलावाने भिजत होती, ते दोघे एकाच गावात राहत होते, एकाच मंडईला जात होते, आणि बुडिताबद्दलची तक्रार ज्याच्याकडे करायची तो मालगुजार ओसरीवर बसलेला दिसत असे. अन्याय झाला तरी तो कोणी केला हे ठाऊक असे.

या तलावांच्या आधारावर उभा राहिलेला हिवाळ्यातील कामाचा क्रम मोठा बारकाईचा होता, आणि थंडीचा खरा लाभ कशात होता हे त्यावरूनच समजते. आषाढात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून रोवणी केलेला धान हलका असेल तर दिवाळीच्या सुमारास आणि भारी, म्हणजे उशिरा येणारा असेल तर मार्गशीर्षाच्या तोंडावर कापणीला येतो. कापलेला धान दोन-तीन दिवस बांधीतच आडवा पसरून वाळवतात, त्याला कडपा म्हणतात. नंतर त्याचे भारे बांधून एका जागी गोलाकार रचतात, ते पुंजणे. कडपा असताना अवकाळी पाऊस आला तर वर्षाचे पीक बांधीतच कुजते, म्हणून कोरड्या थंडीला येथील शेतकरी जेवढा मान देतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाला देत असेल. चिन्नोरसारख्या सुवासिक वाणांना तर या थंडीची दुहेरी गरज असते, कारण दाणा भरताना रात्री गार असतील तर तांदळाचा वास अधिक चांगला टिकतो, ही गोष्ट आता कृषिशास्त्रालाही मान्य झालेली आहे. मळणीनंतर उरणारे तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जनावरांच्या दावणीत, घराच्या छपरावर आणि थंडीत अंथरुणाखाली अशा तिन्ही ठिकाणी उपयोगी पडत असे.

याहून महत्त्वाची रीत म्हणजे उतेरा. धान उभा असतानाच, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, बांधीतील चिखलात लाखोरी, जवस किंवा हरभऱ्याचे बी फेकून द्यायचे. नांगरट नाही, पाणी द्यायचे नाही, खत नाही. धान कापला गेल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि थंडीतील दवावर ते पीक आपले आपण वाढते. ज्याच्याकडे बैलजोडी नाही आणि तलावाच्या पाण्यावर हक्क नाही, अशा लहान कास्तकारालाही यामुळे वर्षातले दुसरे पीक मिळे. कोरडवाहू महाराष्ट्राच्या मोठ्या भागात दुसऱ्या पिकासाठी विहीर खणावी लागते. झाडीत त्याच कामाला हिवाळा पुरतो. या प्रदेशात राहण्याचा सर्वांत मोठा फायदा एका वाक्यात सांगायचा झाला, तर तो हाच सांगावा लागेल.

आणि नेमक्या त्याच पिकात या प्रदेशाच्या जगण्याचा धोकाही साठवलेला होता. लाखोरीच्या दाण्यात बीटा-ओडॅप नावाचे एक द्रव्य असते. ती डाळ दुसरे काही न खाता महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेली, तर पायांच्या मज्जातंतूंना इजा होऊन माणूस कायमचा लुळा पडतो. आयुर्वेदात कलायखंज या नावाने वर्णन केलेला विकार तो हाच. धान बुडालेल्या वर्षीही लाखोरी येत असल्यामुळे ती दुष्काळातील अन्न होती, आणि म्हणून हा विकारही दुष्काळामागोमाग येणारा व गरिबांनाच गाठणारा होता. केंद्र सरकारने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. भंडारा-गोंदियातील शेतकऱ्यांचे म्हणणे असे होते की, येथे ती भातासोबत वरण म्हणून खाल्ली जाते, भिजवून पाणी टाकून दिले जाते, आणि भाताच्या जोडीने खाल्ल्यास ती बाधत नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ लढा दिला आणि महाराष्ट्रात ही बंदी २००८ मध्ये उठली. बंदीच्या या सत्तेचाळीस वर्षांत लाखोरीची पेरणी थांबलेली नव्हती. फक्त तिचा बाजारभाव पडलेला राहिला, आणि ती दुसऱ्या डाळींत मिसळून विकण्यातला नफा व्यापाऱ्याकडे गेला. धोका एका वर्गाचा, कायदा दुसऱ्याचा आणि नफा तिसऱ्याचा, अशी ही विभागणी होती.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५३ मध्ये खालसा होऊन १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर या मुलखाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, आणि त्याची वेळ प्रशासनाच्या सोयीने ठरली. जिल्ह्याचे अधिकारी पावसाळ्यात मुख्यालयी राहत व थंडीत तंबू घेऊन दौऱ्यावर निघत. जमाबंदीची मोजणी, गावच्या चालीरीतींची नोंद असलेल्या वाजिब-उल-अर्जांची तपासणी, तलावांची पाहणी, शिकार, हे सारे याच दौऱ्यात उरकले जाई. शिरगणतीसुद्धा फेब्रुवारी-मार्चमध्ये होत असे. आर. व्ही. रसेल यांच्या संपादनाखाली १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर हे अशा हिवाळी दौऱ्यांतून जमलेल्या माहितीचे संकलन आहे. त्याची योग्यता कमी लेखण्याचे कारण नाही. तलावांविषयी व जातींच्या व्यवसायांविषयी इतकी माहिती एकत्र देणारा दुसरा जुना ग्रंथ या जिल्ह्याला मिळालेला नाही. तथापि भाद्रपद-आश्विनात पाणी ओसरताना धानाच्या गावांत हिवतापाची जी साथ फिरत असे, ती तंबूच्या दारातून दिसत नव्हती. ती मृत्यूंच्या नोंदींत आकडा म्हणून येई. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनी मात्र आकड्यांनाही आवाज दिला. त्यानंतर १९०१-०३ च्या सिंचन आयोगाच्या प्रेरणेने चांदपूर, बोदलकसा, चोरखमारा, खैरबंधा असे मोठे सरकारी तलाव या जिल्ह्यात आणि आसोलामेंढा, घोडाझरी हे तलाव शेजारच्या चांदा जिल्ह्यात उभे राहिले. नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडकडे जाणारी अरुंद रेल्वे १९०८ मध्ये सुरू झाली, तिचे पवनी रोड नावाचे स्थानक पवनीपासून बरेच दूर होते, आणि २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी ती बंद होईपर्यंत शंभराहून अधिक वर्षे तेच पवनीकरांचे जवळचे स्थानक राहिले.

हिवाळ्याने येथील कलेला जे दिले त्याची नोंद वेगळी करावी लागते, कारण हा लाभ कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसत नाही. बलिप्रतिपदेपासून गावोगाव मंडई भरू लागते. मंडई म्हणजे एका दिवसाचा मेळा, ज्याला पंचक्रोशीतील पाहुणे येतात, मुलींच्या सोयरिकी जुळतात, आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक होते. मळणी आटोपली की शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरे, आणि पटाच्या रात्री नाटक ठेवण्याची प्रथा पडली. वडसा, म्हणजे देसाईगंज, येथील नाट्यमंडळ्या दिवाळीनंतर तीन-चार महिने रोज वेगळ्या गावी प्रयोग करतात. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात किंवा उघड्या मंडपात बसलेले हजारो प्रेक्षक कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत नाटक पाहतात, आणि तेही तिकीट काढून. शहरी मराठी रंगभूमीला प्रेक्षकांची चिंता असताना एका ग्रामीण पट्ट्यात व्यावसायिक रंगभूमी अनुदानावाचून चालते, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या नाट्यसमीक्षेने फार उशिरा पाहिली. या रंगभूमीचे अभिनेते परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीबोलीचा व येथील लोककलांचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी त्याआधी कित्येक दशके सुरू केलेला होता. धानाचे पैसे हातात, रात्र मोठी आणि पाऊस नाही, या तीन गोष्टी एकत्र येत नसत्या तर ही रंगभूमी टिकली नसती.

तरीही हिवाळा सर्वांना सारखाच सुखाचा होता असे समजणे चुकीचे ठरेल. ज्याच्याकडे बांधी नाही त्याच्यासाठी पुंजणे रचून होताच काम संपते. भिवापूर, कुही, मांढळ आणि पवनी या पट्ट्यात मिरचीचे सातरे असतात. सातरा म्हणजे लाल मिरची उन्हात पसरून, देठ खुडून, निवडून पोत्यांत भरण्याचे उघडे आवार. तेथे बसणारे हात प्रामुख्याने बायकांचे, मजुरी वजनावर, आणि दिवसभराच्या कामानंतर होणारी आग रात्री पाण्यानेही शमत नाही. भिवापुरी मिरचीचा लौकिक मोठा आहे; त्या लौकिकात या हातांचा उल्लेख आढळत नाही. उरलेली कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणाकडे जातात आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. रानालगतच्या शेतात रानडुकरांपासून हरभरा राखण्यासाठी माळ्यावर रात्र काढावी लागते, शेतीपंपाला आळीपाळीने रात्रीची वीज मिळाली तर अंधारात पाणी धरावे लागते, आणि आता वाघांची संख्या वाढल्यामुळे ही जागल पूर्वीपेक्षा जिवावरची झाली आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये घोषित झाले, नागझिऱ्याकडून आलेल्या ‘जय’ नावाच्या वाघाने त्याला देशभर प्रसिद्धी दिली, आणि एप्रिल २०१६ नंतर तो दिसेनासा झाला तेव्हा त्याचा शोध संसदेपर्यंत चर्चिला गेला. थंडीत येणाऱ्या पर्यटकाला जो वाघ पाहायचा असतो, त्याच वाघाच्या भीतीने माळ्यावरचा शेतकरी शेकोटी विझू देत नाही.

राज्यपुनर्रचनेच्या काळात हा सारा प्रदेश एका मोठ्या हिशेबाचा विषय झाला. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली होती. ती मान्य न होता १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात सरकारने दरवर्षी काही काळ नागपुरास यावे व विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे भरवावे असे ठरले होते, आणि १९६० पासून हे अधिवेशन बहुतेक हिवाळ्यातच भरत आले. अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत एखाद्या विभागाच्या विकासात राहिलेली तूट, मोजण्याचे काम वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने केले व १९८४ मध्ये अहवाल दिला. १९९४ मध्ये विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले. या सर्व चर्चांत पूर्व विदर्भाचा तोटा म्हणून सिंचनाचा अभाव दाखवला गेला, त्यावरचा उपाय म्हणून वैनगंगेवरील मोठ्या धरणाकडे बोट दाखवले गेले, आणि जुन्या तलावांचा विचार मागे पडला. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आल्यानंतर तलाव सरकारजमा झाले, त्यांची देखभाल करणारा जुना मालक गेला व नवा मालक कार्यालयात बसला, पाण्यावर पट्टी बसू लागली आणि पाळीवर माती टाकायला कोणी येईनासे झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन काही तलावांत गाळ, वनस्पती आणि मासे यांवर केलेले काम पाहता, ही पडझड अटळ नव्हती असे म्हणण्यास जागा आहे.

गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाली व त्याला इंदिरासागर हे नाव मिळाले. मूळ मंजूर खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता. पुढे सुधारित अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला, २००९ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय दर्जा मिळाला, कालव्यांच्या अस्तरीकरणाच्या दर्जावर चौकशी समित्या बसल्या, आणि पायाभरणी पाहिलेली पिढी म्हातारी झाली तरी वितरिकांची कामे सुरूच राहिली. अकरा किलोमीटरांहून लांब मातीचा बांध, ३३ दरवाजे, १,१४६ दशलक्ष घनमीटर साठा आणि २,५०,८०० हेक्टर सिंचनक्षमता, असे हे काम आहे. या क्षमतेची जिल्हावार वाटणी पाहिली तर चंद्रपूरला १,४१,४६३, भंडाऱ्याला ८९,८५६ आणि नागपूरला १९,४८१ हेक्टर येतात. बुडीत क्षेत्रात आलेली सुमारे ८५ गावठाणे मात्र नागपूर व भंडारा या दोनच जिल्ह्यांतील आहेत, आणि त्यांपैकी ५१ एकट्या नागपूर जिल्ह्यातील. उजवा कालवा खाली जाऊन आसोलामेंढ्याच्या जुन्या तलावाला पाणी देतो. म्हणजे दुष्काळानंतर ब्रिटिशांनी बांधलेल्या तलावाची भूक भागवण्यासाठी शंभर किलोमीटर वरची गावे उठली. चंद्रपूरच्या धानाला पाणी मिळू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु तलावाच्या काळात एका गावात असलेले बुडणे आणि भिजणे आता दोन वेगळ्या जिल्ह्यांत गेले, आणि ज्याला पाणी मिळाले त्याला पाण्याखाली गेलेल्याचे नावही ठाऊक राहिले नाही.

धरणाने हिवाळ्याचे स्वरूपच बदलले. जलाशय पावसाळा सरताना २४५.५० मीटर या पूर्ण पातळीकडे नेला जातो, म्हणजे मागे चढणारे पाणी नेमके कापणीच्या तोंडावर काठच्या बांध्यांत शिरते. वैनगंगेचे पाणी ओसरून थंडीत जी वाळू उघडी पडत असे, तिच्यात खड्डे घेऊन, शेणखत घालून ढिवर आणि कहार कुटुंबे डांगरवाडी करीत, म्हणजे टरबूज, डांगर व काकडी लावीत. या शेतीला सातबारा नव्हता, त्यामुळे ती वाळू जलाशयाखाली गेली तेव्हा मोबदल्याच्या यादीत तिच्यासाठी रकाना नव्हता. तोच प्रकार उतेऱ्याचा. भरपाई जमिनीची मोजली गेली, ओलीची नाही. पुनर्वसित गावठाणांत आखीव रस्ते आहेत, शाळेची इमारत आहे, नळयोजना आहे, आणि ज्या घरांनी पूर्वी पावसाळ्यात नावेतून आजारी माणूस नेला होता त्यांना डांबरी रस्त्याचे मोल सांगावे लागत नाही. परंतु गावठाणाला लागून शेत, नदी आणि सरपण गोळा करायचे रान नसले की तेथील हिवाळा हा रोजगार शोधण्याचा ऋतू होतो. खालच्या बाजूला, जेथे कालवा पोहोचला, तेथे उन्हाळी धान घेणे शक्य झाले, आणि गंमत अशी की तेथे थंडी आता शत्रू ठरली: डिसेंबर-जानेवारीत टाकलेले पऱ्हे गारठ्याने पिवळे पडून खुंटतात, म्हणून संध्याकाळी पाणी भरून सकाळी सोडून देण्याची नवी रीत शेतकऱ्याला शिकावी लागली.

जलाशयात येणारे सगळे पाणी नदीचे नाही. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून आंभोऱ्याजवळ वैनगंगेत आणि तेथून गोसीखुर्दच्या साठ्यात येते. हिवाळ्यात प्रवाह संथ झाला की पाण्यावर जलपर्णी पसरते व काठच्या गावांना पिण्याच्या पाण्याला वास येऊ लागतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टीनंतर सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून पाणी सोडले गेले, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले, भंडारा शहराचा मोठा भाग व खाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडील गावे पाण्यात गेली, आणि त्या पुराची पाहणी व भरपाईची चर्चा पुढे हिवाळ्यापर्यंत चालली, तोवर नदी शांत झालेली होती. वरून शहर आणि खालून धरण, यांच्या मध्ये सापडलेल्या या पट्ट्याचे दुखणे जून ते ऑक्टोबरमध्ये असते, आणि त्याची सुनावणी डिसेंबरात. प्रकल्पग्रस्तांचे मोर्चे नागपूरच्या थंडीत टेकडी मार्गावर अडवले जातात तेव्हा समोरच्या लोकप्रतिनिधींना जो विदर्भ दिसतो तो संत्र्यांचा, हुरड्याचा आणि निरभ्र आकाशाचा असतो.

अधिवेशन हिवाळ्यात भरवण्याच्या या रिवाजाला अपवाद घडला तो २०१८ मध्ये. त्या वर्षी अनेक दशकांनंतर पावसाळी अधिवेशन नागपुरात घेण्यात आले, ४ जुलैला ते सुरू झाले, आणि ६ जुलैला झालेल्या मुसळधार पावसात विधानभवनाचा वीजपुरवठा करणाऱ्या केंद्रात पाणी शिरून सभागृहे अंधारात गेली व कामकाज थांबवावे लागले. २०१९ मध्ये नागपूरचे अधिवेशन पुन्हा डिसेंबरात भरले.